दोन म्हाताऱ्या आणि राजूर घाट

गाडी जुनी घ्यावी आणि वाद नवे करावेत, असा आमच्या बुलढाण्याचा रिवाज दिसतो. माझी पद्मिनी, शेजारच्या वकीलसाहेबांची अँबॅसडर. दोघी आयत्या, दुसऱ्याच्या हातून आलेल्या. मी पडलो मराठीचा मास्तर, नावालाच भुललो!

रविवारी दोन्ही बॉनेटे उघडली, की ओट्यावर रणधुमाळी. वकीलसाहेब म्हणतात, ‘खड्ड्यांतून जावे ते आमच्याच गाडीने.’ मी पेट्रोलचा हिशेब काढतो. मग सुट्या भागांची गोष्ट निघते आणि दोघेही गप्प. उत्तरपाड्याला अँबॅसडर घडायची २०१४ साली थांबली. कुर्ल्याची पद्मिनी त्याच्या कितीतरी आधी. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, त्या दिवशी मी उगाचच गाडी पुसत बसलो होतो.

यंदा मे महिन्यात मलकापूर स्टेशनावरून आईला आणत होतो. राजूर घाटात इंजिन बंद! उन्हाने नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली, पंप ओढीना. पंपावर ओले फडके टाकून थांबायचे, एवढाच उपाय. पण पाण्याचा डबा मी घरी विसरलेलो. फोन केला. वकीलसाहेब दोन डबे घेऊन आले. ‘आई, आमच्या गाडीत बसा.’ आई हलेना. ‘हिनेच आणलंय, हीच नेईल.’

अर्ध्या तासाने गाडी सुरू झाली. घाटमाथ्यावर मागे पाहतो, तो अँबॅसडर दिसेना. रबरी नळी बदलायची वकीलसाहेब दिवाळीपासून टाळत होते. रेडिएटर उकळला होता.

उरलेला डबा घेऊन मी पायी खाली निघालो.