मातृभाषा मराठी, धर्म ख्रिस्ती : सीमाभागाच्या मोजणीत हा माणूस कुठे बसतो?

खासबाग (बेळगाव) : सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटकात सामाजिक-शैक्षणिक सर्वेक्षण सुरू झाले, तेव्हा बेळगाव परिसरात मराठा समाजाच्या बैठकांतून एक आवाहन गल्लोगल्ली पोचले. धर्म हिंदू, जात मराठा, पोटजात कुणबी, मातृभाषा मराठी. चार रकाने, चार उत्तरे. आरक्षणाच्या लढाईत आपला आकडा विखुरला जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब. त्यात चूक काही नाही. प्रत्येक समाज तेच करत होता.

पण हे चार शब्द एका दमात म्हणायची सवय लागली की नकळत एक गोष्ट होते. पहिला आणि चौथा शब्द एकमेकांना चिकटतात. मराठी म्हणजे हिंदू, असे गृहीत धरले जाते. मग ज्याच्या चौथ्या रकान्यात ‘मराठी’ आहे, पण पहिल्यात ‘ख्रिश्चन’, त्या माणसाचे काय?

असा माणूस बेळगावात दुर्मीळ नाही. इथल्या चर्चमध्ये कोकणी, मराठी, कन्नड, इंग्रजी अशा भाषांतून प्रार्थना होतात. खासबागचा बाजार रविवारी भरतो. सकाळची उपासना आटोपून त्याच बाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून मराठीत घासाघीस करणारा माणूस हिंदू की ख्रिस्ती, हे भाजीवालीला कळत नाही आणि तिला त्याची गरजही नसते. गरज पडते ती फॉर्म पुढे आल्यावर.

यादीवरून गदारोळ

त्याच सर्वेक्षणात दुसरा वाद पेटला. जातींच्या यादीत काही हिंदू जातींच्या नावांना ‘ख्रिश्चन’ शब्द जोडलेले पर्याय होते. त्यावर राजकीय गदारोळ झाला. हिंदू समाज फोडण्याचा डाव, असा आरोप झाला. अखेर आयोगाने असे बरेच पर्याय यादीतून काढले.

दोन्ही बाजूंनी जोरात बोलणारे बरेच होते. धर्मांतरानंतरही जात सुटत नाही, हा गावोगावचा अनुभव आहे. धर्म बदलल्यावर जातीची ओळख कशाला, हाही प्रश्न खोटा नाही. मात्र ज्यांच्याबद्दल वाद चालला होता, त्यांना तुम्ही स्वतःला काय म्हणवता, असे विचारणारे कमी होते.

बेळगावचा बाबा पदमनजी

हा प्रश्न नवा नाही. बेळगावात तो पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका घरात उभा राहिला होता. बाबा पदमनजी मुळे यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. शिक्षण इथल्या मिशनच्या शाळेत, पुढे मुंबईत. १८५४ मध्ये त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. घरच्यांवर काय कोसळले असेल, हे सांगायला नको.

तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते. विषय होता हिंदू विधवांचे हाल. पुढे १८८८ मध्ये ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आले. म्हणजे मराठी कादंबरीचा पहिला मान बेळगावात जन्मलेल्या एका ख्रिस्ती माणसाकडे जातो.

१९४६ चे मराठी साहित्य संमेलन बेळगावात झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तिथून जोर आला, हे सीमाभागात लहान पोरही सांगेल. पदमनजींचे नाव मात्र भाषणांत क्वचित ऐकू येते. बेळगाव मराठी आहे हे सिद्ध करायला एवढा भक्कम पुरावा दुसरा कुठला शोधायचा?

पदमनजी एकटे नव्हेत. इंग्लंडहून आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर इथे छापले गेले. त्यातल्या मराठीच्या स्तुतीचा भाग आजही भाषादिनाच्या भाषणांत हमखास येतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या कविता पिढ्यांनी शाळेत पाठ केल्या. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ वगळून मराठी आत्मचरित्राचा इतिहास लिहिता येत नाही. तिकडे कन्नडमध्येही तसेच. १८४३ चे पहिले कन्नड वृत्तपत्र ‘मंगळूर समाचार’ मिशनरी हेर्मान म्योग्लिंग यांनी काढले. कन्नड शब्दकोश करणाऱ्या फर्डिनांड किटेल यांचा तर बेंगळुरूत पुतळा आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना ज्या भाषांसाठी आपण भांडतो, त्या दोन्ही भाषांच्या उभारणीत ख्रिस्ती हात आहेत.

दुसरी बाजूही खरी

याचा अर्थ इतिहासात सगळे गोड होते असा नाही. स्टीफन्स ज्या सासष्टीत राहिले, तिथली देवळे सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने पाडली. मिशनऱ्यांच्या लिखाणात हिंदू धर्मावर कडक, कधी अपमानास्पद टीका होती. ती सल अजून आहे, आणि ती नाकारून संवाद होणार नाही. पण तिचा हिशेब आजच्या शेजाऱ्याकडून वसूल करणे हा न्यायही नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या बाबतीत तसेच काहीसे झाले. वसईच्या या लेखकाची उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. त्यांचे मराठी पुस्तक वाचून कुणी विरोध केला नव्हता. जानेवारी २०२० मध्ये संमेलन झाले, तेच अध्यक्ष झाले. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा श्रद्धांजली वाहायला सगळे होते.

सुवर्ण सौधमधला कायदा

बेळगावकरांसाठी हा विषय घराजवळचा आहे. २३ डिसेंबर २०२१ रोजी, नाताळ दोन दिवसांवर असताना, सुवर्ण सौधमधल्या अधिवेशनात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलण्याच्या ३० दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचे. तक्रार नातेवाईकच काय, सहकारीही करू शकतो. निर्दोष असल्याचे आरोपीने सिद्ध करायचे. धार्मिक संस्थेच्या शाळेतले मोफत शिक्षणही ‘आमिषा’च्या व्याख्येत येऊ शकते.

जून २०२३ मध्ये नव्या सरकारच्या मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घ्यायचे ठरवले. मात्र मंत्रिमंडळाने ठरवणे आणि दोन्ही सभागृहांनी मंजूर करणे या वेगळ्या पायऱ्या आहेत. महाराष्ट्रानेही फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच कायद्याच्या अभ्यासासाठी पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०११ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या कर्नाटकात १.८७ टक्के, तर महाराष्ट्रात एक टक्क्याहूनही कमी होती. फसवून किंवा दडपून कुणाचे धर्मांतर होत असेल तर कारवाई हवीच. पण संशयाचे ओझे सगळ्या समाजावर पडले, तर शाळेपासून प्रार्थनेपर्यंत सगळेच दबकत करावे लागते.

एकच कलम, दोघांचे छत्र

इथे मराठी माणसाने थांबून विचार करायला हवा. सीमाभागात मराठी शाळा टिकवण्यासाठी आपण संविधानाच्या ज्या ३० व्या कलमाकडे बोट दाखवतो, त्यात अल्पसंख्याक ‘धर्मावर किंवा भाषेवर’ आधारलेले असोत, दोघांनाही शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. मिशनची शाळा आणि मराठी शाळा एकाच छत्राखाली उभ्या आहेत. शेजाऱ्याच्या बाजूने छत्री फाडली तर पाऊस आपल्याही डोक्यावर येणार. कन्नड सक्तीच्या विरोधात हक्क मागणाऱ्याने दुसऱ्या अल्पसंख्याकाच्या हक्काकडे कानाडोळा केला, तर त्याच्या मागणीतला दम जातो.

प्रश्न आकड्याचाही आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे सरकारी परिपत्रके आणि सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, ही बेळगावातली जुनी मागणी आहे. या हिशेबात मातृभाषेचा रकाना मोजला जातो, धर्माचा नाही. जनगणनेत लोकसंख्या मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, आणि यावेळी जातही नोंदली जाणार आहे. म्हणजे पुन्हा आवाहने होतील, पुन्हा पत्रके निघतील.

त्या पत्रकांत ‘मातृभाषा मराठी’ ही ओळ वेगळी, ठळक आणि सगळ्यांसाठी असावी. पहिल्या रकान्यात कुणी हिंदू लिहील, कुणी जैन, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती. तो ज्याचा त्याचा. घरात मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबानेही ‘आपल्याला कोण मराठी धरतंय’ म्हणून तो रकाना दुसऱ्याच्या हवाली करू नये. आणि ही बैठकीची निरोपचिठ्ठी कॅम्पातल्या चर्चपर्यंतही जावी. पदमनजींच्या गावात एवढे तरी व्हायला हरकत नाही.