वेशी गेल्या, कमानी आल्या

मराठी भाषेतून 'वेस' हा शब्द अद्याप गेलेला नाही. माणसाची अब्रू आजही वेशीवरच टांगली जाते. लग्नातील सीमांतपूजन म्हणजे मूळचे गावच्या सीमेवर जाऊन केलेले वराचे स्वागत. आता ते मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावर उरकले जाते, पण नाव तेच राहिले आहे. शब्द टिकले, वेस मात्र गेली. दोन बुरूज, त्यांच्यामध्ये लाकडी दरवाजा, त्यालाच एक दिंडी, आत पहारेकऱ्यासाठी देवडी आणि जवळच मारुतीचे देऊळ अशी वेस ज्यांनी पाहिली असेल, अशी माणसे गावोगावी आता थोडीच उरली आहेत.

वेशीच्या जागी कमान आली आहे. बारामतीहून इंदापूरकडे, सुप्याकडे, भिगवणकडे वा नीरेकडे कोणत्याही रस्त्याने निघावे, ती भेटतेच. सिमेंटचे दोन खांब, वर आडवी पट्टी, तिच्यावर कळस, घोडे, सिंह किंवा तलवारी आणि मध्यभागी गावाचे नाव. गावाच्या नावाखाली आणखी एक ओळ असते आणि कमान खरे तर त्या ओळीसाठीच बांधलेली असते. कोणाच्या 'विशेष प्रयत्नातून', कोणाच्या 'स्थानिक विकास निधीतून', कोणाच्या 'शुभहस्ते', कोणाच्या 'प्रमुख उपस्थितीत'. गावाचे नाव दोन अक्षरी असले तरी ही ओळ दोन खांबांपर्यंत उतरते. ज्यांना सिमेंट परवडत नाही ते बांबू आणि फ्लेक्सवर भागवतात. तेथे एक नवाच शब्द जन्मला आहे, 'स्वागतोत्सुक'. मराठी व्याकरणाला तो खपेल. पण स्वागत करणाऱ्याचे छायाचित्र पाहुण्याहून मोठे असावे, हा शिष्टाचार कोणत्या संस्कृतीतून आला, याचा शोध घ्यावा लागेल.

हा शोध फार दूर जात नाही. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापाशी तो थांबतो. 1911 साली पंचम जॉर्ज आणि राणी मेरी अपोलो बंदरावर उतरले, त्या आगमनाचे ते स्मारक. पायाभरणी मार्च 1913 मधली आणि वास्तू पूर्ण झाली 1924 साली. म्हणजे ज्या राजासाठी दार बांधले, तो येऊन, मिरवून, परत जाऊन बरीच वर्षे लोटली होती. त्याच्या वाट्याला आली होती ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीखालून बाहेर पडली. सत्तेने स्वतःच्या कौतुकासाठी बांधलेल्या दाराचा याहून समर्पक उपयोग इतिहासाला सुचला नसता! इंग्रज गेले, पुठ्ठ्याची कमान मात्र ते इथेच ठेवून गेले, एवढेच खेदाने म्हणावे लागते.

याच्या उलट टोकाला रायगडाचा महादरवाजा आहे. गडाखालून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. दोन भक्कम बुरुजांच्या आड, वळण घेतल्याशिवाय शत्रूला दाराची चाहूल लागू नये, अशी ती गोमुखी रचना. दार म्हणजे मिरवण्याची वस्तू नसून राखण्याची जबाबदारी आहे, हे त्या दगडांतून कळते. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरले, पण कोठे? जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर. दर्शनाला येणाऱ्यांच्या पायांची धूळ नावावर पडावी, अशी त्या सेवकाची इच्छा. 2025 च्या जुलैमध्ये युनेस्कोने रायगडासह बारा मराठा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, तेव्हा महाराष्ट्रभर आनंदोत्सव झाला आणि तो व्हायलाच हवा होता. त्या आनंदाच्याही कमानी लागल्या असतील आणि त्यांवर अभिनंदन करणाऱ्यांची नावे महाराजांच्या मस्तकाच्या उंचीवर झळकली असतील, तर हिरोजींची पायरी कोणी वाचली, असा प्रश्न विचारावा लागतो.

बारामती आणि इंदापूर या दोन गावांची नावे घेण्याचे कारण असे की, ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही त्यांनी सिमेंटचे घोडे उभे करावेत हे एक वेळ समजू शकते. या दोन गावांची स्थिती तशी नाही.

बारामती आज देशाला माहीत आहे ती राजकारणामुळे. परंतु अठराव्या शतकात या गावाची कीर्ती कऱ्हाकाठच्या एका वाड्यामुळे होती. बाबूजी नाईक बारामतीकर हे पेशव्यांचे आप्त आणि मोठे सावकार. बाजीरावाची बहीण भिऊबाई या नाईकांच्या घरात दिलेली. त्यांच्या आश्रयाला पन्हाळ्याकडचा एक विद्वान आला आणि पुराणिक म्हणून राहिला. तेच मोरोपंत. 1794 साली देह ठेवीपर्यंत त्यांची लेखणी याच कऱ्हाकाठी चालली. महाभारत आर्यांत उतरले ते येथे, रामायणाची शंभरावर रूपे झाली ती येथे, केकावली झाली ती येथे. मराठी कवितेत आर्या म्हटली की मोरोपंत आणि मोरोपंत म्हटले की बारामती, हे समीकरण एके काळी शाळकरी मुलालाही ठाऊक होते. आज बारामतीत शिकायला येणाऱ्या हजारो मुलामुलींपैकी कितीजणांना केकावली हे नाव ठाऊक असेल? शहराच्या प्रवेशावर काही सांगायचेच असेल, तर येथे मराठीतला एक मोठा कवी राहत होता, यापरते दुसरे काय सांगायचे?

इंदापूरची कथा याहून जुनी. शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे आणि सुप्याबरोबर इंदापूरचे नाव येते. सुपे तर आज बारामती तालुक्यातच आहे. शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इंदापूरच्या लढाईत कामी आले, असे शिवभारतकार कवींद्र परमानंद सांगतो. इंदापूरची गढी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. थोरल्या महाराजांच्या आजोबांचे रक्त ज्या मातीत सांडले, त्या गावाला आणखी दागिन्यांची गरज पडू नये. गढी राखावी, तिच्यापर्यंत नीट वाट करावी, तेथे काय घडले ते दोन परिच्छेदांत शुद्ध मराठीत लिहावे, हे काम कमानीपेक्षा स्वस्त आहे. पण त्यात अडचण एवढीच की, मालोजीराजांच्या फलकावर 'विशेष प्रयत्नातून' ही ओळ कोठे बसवायची हे कोणाला सुचत नाही.

आणि स्वागत म्हणजे काय, हे तर या रस्त्याने साऱ्या महाराष्ट्राला शिकवावे. तुकोबांची पालखी देहूहून निघून बारामतीचा मुक्काम आटोपते आणि इंदापूरच्या वाटेला लागते. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी तिच्या वाटेवर धोतराच्या पायघड्या अंथरतात. धनगर बांधव मेंढ्यांचे रिंगण घालतात. पुढे बेलवाडीला अश्वांचे गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला नीरेच्या पाण्यात पादुकांचे स्नान. यात एकही खांब नाही. ज्याचा जो धंदा, त्यातली सर्वांत चांगली वस्तू त्याने संतांच्या पायाखाली ठेवावी, एवढीच या स्वागताची रीत. धुतलेले धोतर रस्त्यावर अंथरले जाते आणि पालखी पुढे गेली की गोळा होते. त्यावर अंथरणाऱ्याचे नाव नसते. त्याच रस्त्याच्या कडेला आषाढ येता येता फ्लेक्सच्या कमानी उगवतात. त्यांवर तुकोबांचे चित्र वीतभर आणि स्वागतोत्सुकांची मांदियाळी पुरुषभर! 'मांदियाळी' हा शब्द ज्ञानोबांनी ईश्वरनिष्ठांसाठी वापरला होता, याचे भान तरी ठेवावे.

येथे एका पक्षाकडे बोट दाखवून मोकळे होण्याची सोय नाही. कमान सर्वपक्षीय आहे. राष्ट्रीय विचारांचे म्हणवणारे, प्रसिद्धिपराङ्मुखतेचे संस्कार घेतलेले कार्यकर्तेही निवडून आले की पहिल्या वर्षात कमानीचे भूमिपूजन करतात आणि तिला भगवा रंग दिला की ती संस्कृतिरक्षण ठरते, अशी स्वतःची समजूत घालतात. कमानीचा रंग बदलला म्हणून तिच्यावरची शेवटची ओळ बदलत नाही.

या कमानींची आणखी एक बाजू आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सांगली जिल्ह्यात मिरज तालुक्यात बेडग नावाचे गाव आहे. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाची स्वागतकमान उभी राहत होती. जून 2023 मध्ये ग्रामपंचायतीने ती पाडली. कायदेशीर परवानगी होती की नव्हती, याचा वाद झाला. तो व्हायचा तसा होवो. पण त्यानंतर जुलैत त्या गावातील अनेक दलित कुटुंबे घरदार सोडून मुंबईच्या दिशेने पायी निघाली, हे चित्र कोणत्याही हिंदूच्या काळजाला घरे पाडणारे होते. स्वागताच्या कमानीमुळे गावकऱ्यांनीच गाव सोडावे!

यावर, 'कमानीच नकोत म्हणजे वाद नको' असे म्हणणे सोपे आहे. तसे म्हणण्यापूर्वी वेशीचाच इतिहास पुरता आठवायला हवा. रात्री वेस लावणारा, परका माणूस हेरणारा, गावासाठी जागणारा वेसकर कोण होता? तो महार वतनदार होता. साऱ्या गावाची झोप ज्याच्या भरवशावर, त्याचे स्वतःचे घर मात्र वेशीबाहेर! 1958 च्या कायद्याने ती कनिष्ठ वतने संपली. मनातली वेस कोणत्या कायद्याने संपणार? ज्याने शतकानुशतके गावाचे दार राखले, त्याला त्या दारावर आपल्या उद्धारकर्त्याचे नाव पाहावेसे वाटले, तर त्यात गावाला अपमान का वाटावा? इतरांच्या नावांच्या कमानी ज्या गावात निमूटपणे स्वीकारल्या जातात, तेथे एका नावापाशी नियम आठवत असेल, तर तो नियम प्रामाणिक नाही. समरसतेचा विचार मांडणाऱ्यांनी भाषणे बाजूला ठेवून आपापल्या गावात उत्तर द्यावे, असा हा प्रश्न आहे. नियम असेल तर तो सर्वांना एकच असावा आणि तो आधी आपल्या माणसाला लागू व्हावा.

नियम आहेतही. 18 जानेवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना बजावले की, सार्वजनिक रस्ते आणि पदपथांवर पुतळे किंवा अन्य बांधकामे उभारण्यास यापुढे परवानगी देऊ नये. दिवाबत्ती, वाहतूक अशा लोकोपयोगी कामांचा काय तो अपवाद. सातारच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये बेकायदा फलकबाजीविरुद्ध सविस्तर निकाल दिला. मालमत्ता विद्रूपणास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा तर 1995 पासून आहे. तरीही 13 मे 2024 रोजी घाटकोपरला महाकाय जाहिरातफलक कोसळून 17 जीव गेले, तेव्हा कोठे फलकांची मोजदाद सुरू झाली. ग्रामीण भागातील कमानींचे बांधकाम कोण तपासतो? माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांकडे हंगामात उसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या जातात. रस्त्यावर आडवी टाकलेली तुळई त्यांच्या वाटेत येते. पाटस–बारामती–इंदापूर हा पालखी मार्ग चौपदरी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला गेला. 8 नोव्हेंबर 2021 रोजी पंतप्रधानांनी त्याची पायाभरणी केली. रस्ता रुंद होताना वाटेत येणारी कमान पाडावी लागते आणि नंतर तीच नव्या निधीतून, नव्या नावांनिशी पुन्हा उभी करण्याचा आग्रह सुरू होतो. नीरा डाव्या कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना पाण्याची पाळी वेळेवर मिळत नाही, सुप्याच्या जिरायत पट्ट्यात उन्हाळा टँकरवर काढावा लागतो. तो टँकरही गावात शिरतो तो कमानीखालूनच.

पैसा कोणाचा, हे विचारण्याची जागा ग्रामसभा आहे. कमानीचा ठराव तेथे येतो तेव्हा बहुतेक सभासद गैरहजर असतात आणि हजर असलेले टाळ्या वाजवतात. सुशिक्षित मध्यमवर्ग तर ग्रामसभा वा नगरपरिषदेची सभा ही आपली जागाच नव्हे, असे मानून घरी बसतो आणि बकालपणाबद्दल चहाच्या पेल्याबरोबर हळहळतो. पुढच्या ग्रामसभेत चार-दोन कार्यकर्त्यांनी तरी हजर राहून तीन गोष्टी मागाव्यात. हयात व्यक्तीचे नाव वा छायाचित्र सार्वजनिक पैशाच्या कोणत्याही बांधकामावर नको. नव्या कमानीचा खर्च मांडण्यापूर्वी गावातील जुनी वेस, बारव, गढी वा मंदिराची दीपमाळ दुरुस्त झाली आहे, हे दाखवावे. आणि पालखीच्या आठवड्यात त्या मार्गावर एकही 'स्वागतोत्सुक' नको. तिसरी मागणी सर्वांत अवघड जाईल, कारण तिला विरोध करणाऱ्यांत पुष्कळ ओळखीचे चेहरे असतील. त्यांना काटेवाडीला घेऊन जावे आणि पायघड्या अंथरणाऱ्यांच्या शेजारी उभे करावे.