एक रुपयाची संमती

खातेदाराच्या नकळत त्याच्या बँक खात्यातून दर आठवड्याला किंवा दरमहा कापल्या जाणाऱ्या छोट्या रकमा हा निव्वळ ग्राहकाच्या बेसावधपणाचा परिणाम आहे, असे मत बँकेच्या खिडकीपासून चावडीपर्यंत सर्वत्र ऐकू येते. हे मत चुकीचे आहे, आणि ज्यांचे पैसे जातात त्यांनाही ते खरे वाटू लागले असल्याने घातकही आहे, असे प्रतिपादन बदनापूर तालुक्यातील नागरिकांसाठी काढलेल्या या पत्रकात केले आहे.

या वजावटीची रीत समजून घेतल्याशिवाय दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. मालिका दाखवणारे, स्पर्धा परीक्षेचा सराव करून घेणारे, इंग्रजी संभाषण शिकवणारे किंवा कुंडली मांडून देणारे एखादे अ‍ॅप पहिले काही दिवस एका रुपयात देऊ करते. तो रुपया भरण्यासाठी यूपीआयचे पान उघडते, ग्राहक नेहमीप्रमाणे पिन टाकतो आणि व्यवहार संपला असे समजतो. प्रत्यक्षात त्या पिनसरशी त्याने ‘मॅन्डेट’ही दिलेले असते, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत आणि ठरलेल्या कमाल मर्यादेत खात्यातून वेळोवेळी परस्पर रक्कम काढून घेण्याची परवानगी. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने जुलै २०२० मध्ये सुरू केलेली ‘यूपीआय ऑटो-पे’ ही सोय याच परवानगीवर चालते. पानावर कमाल रक्कम, वजावटीचा कालावधी आणि शेवटची तारीख यांचा उल्लेख असतो हे खरे. परंतु जाहिरातीतील एक रुपया ठळक असतो आणि उरलेला मजकूर बारीक, बहुधा इंग्रजीत असतो, शिवाय ही कमाल रक्कम प्रत्यक्ष शुल्कापेक्षा जास्तही ठेवता येते. किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर आणि चहाच्या टपरीवर रोज टाकल्या जाणाऱ्या पिनचा अर्थ ‘एवढी रक्कम आत्ता द्या’ इतकाच असतो, आणि तोच पिन, तशाच दिसणाऱ्या पानावर, ‘पुढील कित्येक वर्षे घेत राहा’ या अर्थाने वापरून घेतला जातो. एकाच कृतीला दोन अर्थ चिकटवून त्यातला महागडा अर्थ ग्राहकाच्या गळ्यात घालणे याला संमती म्हणणे कठीण आहे.

पुढची गोष्ट त्याहून कमी लोकांना ठाऊक असते. अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकले तरी मॅन्डेट रद्द होत नाही, कारण ते यूपीआय आणि बँक यांच्या व्यवस्थेत नोंदलेले असते. त्यामुळे ज्याने अ‍ॅप हटवले आणि विषय मिटला असे मानले, त्याच्या खात्यातूनही वजावट चालूच राहते. पासबुकावर नोंद उमटते तेव्हा अ‍ॅपच्या परिचित नावाऐवजी अनेकदा मधल्या भरणा-कंपनीचे नाव किंवा अक्षर-आकड्यांची न उलगडणारी ओळ दिसते. शिवाय सरकारी विमा योजनांचे २० आणि ४३६ रुपयांचे वार्षिक हप्ते खात्यातून आपोआप कापले जात असल्याने, अनोळखी वजावट म्हणजे कसलातरी हप्ता असणार, अशी समजूत करून घेण्याचीही सवय झालेली आहे.

रिझर्व्ह बँकेने या व्यवहारांना नियम घालून दिलेले नाहीत असे नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून पूर्णपणे अंमलात आलेल्या चौकटीनुसार मॅन्डेटची नोंदणी करताना पिन किंवा ओटीपीसारखी अधिकची पडताळणी आवश्यक असते, प्रत्येक वजावटीपूर्वी किमान २४ तास आधी खातेदाराला सूचना द्यावी लागते, आणि ती वजावट नाकारण्याची व मॅन्डेट केव्हाही मागे घेण्याची सोय ठेवावी लागते. परंतु पहिल्या पडताळणीनंतर प्रत्येक वेळी पिन मागण्याची सक्ती ठरावीक रकमेच्या वरच लागू होते; ही मर्यादा सुरुवातीला २,००० रुपये होती, नंतर ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० करण्यात आली. या रचनेमागे मोठ्या रकमेची चोरी रोखण्याचा विचार आहे. सबस्क्रिप्शनचा सापळा मात्र नेमका लहान रकमेवर जगतो, कारण १९९ किंवा २९९ रुपयांसाठी कोणी दिवसाची मजुरी बुडवून बँकेत खेटे घालत नाही, हे लावणाऱ्याला पक्के ठाऊक असते. ज्या खात्यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात, त्यातून १९९ रुपये गेले तर आठव्या हिश्शाहून अधिक रक्कम गेलेली असते. पीएम-किसानचा २,००० रुपयांचा हप्ता तर चार महिन्यांतून एकदा येतो आणि मासिक वजावट त्या चार महिन्यांत चारदा होते. मुंबईतल्या पगारदाराला जी रक्कम किरकोळ, ती या खात्यांत किरकोळ नसते. १५,००० ची रेषा आखताना कोणाचे खाते डोळ्यांसमोर होते, हे त्यावरून कळते.

आगाऊ सूचनेचेही तसेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या मूळ परिपत्रकात ही सूचना स्पष्ट, निःसंदिग्ध आणि ग्राहकाला समजेल अशा स्वरूपात असावी, अशी अपेक्षा नोंदवलेली आहे. इंग्रजी संक्षेपांनी भरलेला, दिवसभरातल्या जाहिरातींच्या गर्दीत येणारा संदेश बदनापूर, सोमठाणा किंवा दाभाडीतील खातेदाराला समजेल अशा स्वरूपाचा आहे, असे कोणत्याही बँकेला प्रामाणिकपणे म्हणता येणार नाही.

हा प्रश्न नवा नाही आणि त्यावरचे उत्तरही याच देशात एकदा सापडलेले आहे. प्रीपेड मोबाइलच्या काळात कॉलर ट्यून, विनोद, ज्योतिष आणि क्रिकेटचा स्कोअर अशा सेवा न मागता सुरू होत आणि रिचार्ज केलेला बॅलन्स कटून जाई. त्या तक्रारी वाढल्यावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, १० जुलै २०१३ च्या निर्देशाने दुहेरी पुष्टीची पद्धत आणली: सेवा विकणाऱ्याने एकदा होकार मिळवला तरी दूरसंचार कंपनीने ग्राहकाकडून स्वतंत्रपणे दुसरा होकार घ्यावा, आणि सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा एकच सामायिक क्रमांक असावा. तीस रुपयांच्या बॅलन्सला जे संरक्षण मिळाले, ते बँक खात्याला का नसावे, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विषयी, म्हणजे ग्राहकाला नको तो निर्णय घ्यायला लावणाऱ्या पडद्यावरील फसव्या मांडणीविषयी, मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. तेथे नोंदवलेल्या १३ प्रकारांत ‘सबस्क्रिप्शनचा सापळा’ आहे, आणि सबस्क्रिप्शन रद्द करण्याची वाट लपवणे किंवा किचकट करणे, तसेच मोफत सेवेसाठी ऑटो-डेबिटची परवानगी द्यायला भाग पाडणे, या दोन्ही गोष्टी त्याच्या व्याख्येत बसतात. एका रुपयाचे खरे काम येथे उघड होते. सेवा मोफत दिली तर ती या व्याख्येत सापडते, एक रुपया घेतला तर ती ‘सशुल्क’ ठरते. तो रुपया कमाईसाठी नव्हे, पळवाटेसाठी घेतला जातो, असा संशय रास्त आहे. इतर देशांतही मोठमोठी नावे याच चुकीत सापडली आहेत. अ‍ॅमेझॉन कंपनीने ‘प्राइम’ सदस्यत्वाबाबत ग्राहकांना संमतीशिवाय नोंदवल्याचा आणि बाहेर पडणे अवघड केल्याचा अमेरिकी व्यापार आयोगाचा दावा सप्टेंबर २०२५ मध्ये २.५ अब्ज डॉलर देण्याचे मान्य करून मिटवला. जर्मनीत १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार रद्द करण्याचे बटण स्पष्ट दिसेल असे ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे.

‘ग्राहकाने वाचायला हवे होते’ या आक्षेपाचे उत्तर जालना जिल्ह्यात वेगळे शोधावे लागत नाही. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राने तुरीचे ‘बीडीएन ७११’ सारखे वाण दिले आणि जालन्याने बियाण्यांचा मोठा व्यापार उभा केला. त्या व्यापारात पिशवीवर उगवणशक्ती, शुद्धता आणि मुदत छापण्याची जबाबदारी १९६६ च्या बियाणे कायद्याने विक्रेत्याच्या बाजूवर टाकली, आणि बियाणे उगवले नाही तर शेतकऱ्याने आधी स्वतः चाचणी करायला हवी होती, असे कोणी म्हणत नाही. मोबाइलच्या पडद्यावरील विक्रेत्याला यातून सूट देण्याचे कारण दिसत नाही. प्रत्येक वेळी पिन मागितला तर विम्याचे हप्ते आणि गुंतवणुकीच्या एसआयपी खंडित होतील, ही कंपन्यांची हरकत अगदीच खोटी नाही. म्हणूनच या पत्रकाची मागणी मर्यादित आहे. चाचणीचा काळ संपून पूर्ण शुल्काची पहिली वजावट होण्यापूर्वी, रक्कम कितीही लहान असो, पिनने दुसरा होकार घेतला जावा आणि तो न मिळाल्यास मॅन्डेट आपोआप संपावे. मास्टरकार्ड कंपनीने २०१९ मध्ये, घरपोच वस्तूंच्या मोफत चाचणीपुरता का होईना, जवळपास असाच नियम स्वतःहून लागू केला होता. तेव्हा ही गोष्ट अशक्य आहे असे सांगण्यात अर्थ नाही.

तोपर्यंत प्रत्येक खातेदाराने यूपीआय अ‍ॅपमधील ‘ऑटो-पे’ हा विभाग उघडून चालू मॅन्डेट पाहावीत, नको असलेली तेथूनच रद्द करावीत, आणि ते न जमल्यास बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपलब्ध आहे. मात्र एकेकट्या तक्रारीने १९९ रुपये परत मिळाले तरी सापळा जागेवरच राहतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम १६ नुसार ग्राहकवर्गाच्या हक्कभंगाच्या तक्रारीची चौकशी करून केंद्रीय प्राधिकरणाला अहवाल पाठवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि कलम १७ नुसार अशी तक्रार त्यांच्याकडे लेखी देता येते. कायद्याचा भर एका व्यक्तीवर नसून वर्गावर असल्यामुळे, तालुक्यातील गावोगावच्या पासबुकांतील अशा नोंदींच्या प्रती एकत्र करून एकच सामूहिक तक्रार जालन्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल होणे आवश्यक आहे. जिल्ह्यातील बँकांच्या सल्लागार समितीचे अध्यक्षपदही जिल्हाधिकाऱ्यांकडेच असते. त्यामुळे वजावटीची आगाऊ सूचना मराठीत द्यावी आणि मॅन्डेट रद्द करण्याचा अर्ज प्रत्येक शाखेने त्याच दिवशी निकाली काढावा, हा विषय त्या समितीच्या पुढील बैठकीत घ्यावा, अशी मागणी त्याच निवेदनात जोडता येते.