शेवटच्या रिळाविरुद्ध फिर्याद

शेवट गोड व्हावा, याला माझी हरकत नाही. माळशिरस तालुक्यात राहून गोडाला हरकत घेणं परवडणारही नाही. इथे बांधाला बांध लावून ऊस उभा आहे आणि कारखान्याचं बिल जमा झाल्याशिवाय लग्नाची सुपारी फुटत नाही. माझी तक्रार आहे ती प्रेमाच्या विनोदी चित्रपटांतल्या शेवटाबद्दल. तो गूळही नसतो आणि साखरही नसते, निव्वळ सॅकरिन असतं. थिएटरात गोड लागतं आणि घरी येईपर्यंत तोंड कडू पडतं.

पद्धत ठरलेली आहे. पहिली पंधरा रिळं नायक खोटं बोलतो. नाव खोटं, नोकरी खोटी, कधी मिशीसुद्धा खोटी. सोळाव्या रिळात सगळं उघडं पडतं. नायिकेच्या डोळ्यांत पाणी येतं, ती दोन पावलं मागे सरते. आता ही काहीतरी बोलणार म्हणून आपण खुर्चीत सावरून बसतो, तोच खलनायकाची जीप येते. मडकी फुटतात, भाजीच्या गाड्या उलटतात, हवालदार नेहमीप्रमाणे उशिरा पोचतो. आणि धुरळा बसतो तेव्हा बाई नायकाच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी! मधल्या वेळात तिचा राग कुठे गेला? आमच्या घरात भाजीत मीठ जास्त झालं असं मी म्हटलं, तर तो राग तीन दिवस पुरतो. इथे अख्ख्या आयुष्याची फसवणूक झाली आणि बाईंचा राग एका मारामारीत पार!

आता ‘अशी ही बनवाबनवी’ घ्या. सचिनने काढलेला १९८८ सालचा हा चित्रपट मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही, कारण हे पुस्तक घरातही वाचलं जाणार आहे. तेव्हा पुढचं जे लिहितो आहे ते वैऱ्याचं नाही, भक्ताचं आहे. पुण्यात जागा मिळेना म्हणून चार मित्रांपैकी दोघे साड्या नेसतात आणि लीलाबाई काळभोरांकडे बिऱ्हाड थाटतात. लक्ष्मीकांत बेर्डेचा परश्या पार्वती होतो, सचिनचा सुधीर सुधा होतो. धनंजय तर आपल्या मालकिणीला, माधुरीला, ही पार्वती बायको म्हणून दाखवतो. अशोक सराफ ते इतक्या निरागसपणे करतो की आपणही क्षणभर पार्वतीला नमस्कार करावा. मग सोंग उघडं पडतं आणि लगेच माफी. चार मुलगे, चार मुली, हिशोब चुकता. कुणी आठवडाभर अबोला धरला नाही, कुणी माहेरची वाट धरली नाही.

“अहो, हसायला गेला होतात ना? मग हसा की!” असं आमच्या सौ.चं म्हणणं पडलं. हसलो तर मी आहेच. पण ज्या लीलाबाईंनी परक्या बायकांना घरच्यासारखं वागवलं, त्यांच्या विश्वासाचं काय? ती म्हातारी भाबडी म्हणून तिची फसवणूक विनोदी, आणि ती मोठ्या मनाची म्हणून शेवट गोड! म्हणजे साखर सगळी लीलाबाईंच्या डब्यातली, आणि पेढे वाटणारे हे चौघे.

यात एकट्या सचिनचा दोष नाही. ही खोड आपल्याला १८८२ पासूनची आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्रा’त अर्जुन संन्याशाचं सोंग घेऊन घरात शिरतो. कृष्णाला सगळं ठाऊक असतं, आणि बिचारी सुभद्रा आपलं लग्न दुर्योधनाशी लागणार म्हणून रडत असते. देवाने तिला कानात सांगितलं असतं तर नाटक एका अंकात आटोपलं असतं हे खरं. पण गंमत कृष्णाची आणि आसवं सुभद्रेची, हा व्यवहार तेव्हापासून चालू आहे. पुढे १९९५ साली ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ आला. सिमरन पळून जायला एका पायावर तयार असते. पण नायकाला तिच्या होकारापेक्षा तिच्या बापाच्या होकाराची पडलेली. शेवटी बाप मनगट सोडतो तेव्हा ती धावते. टाळ्या पडतात बापाला!

आगगाडी चुकू नये म्हणून धावणाऱ्या ह्या मुलीकडे पाहून माझ्या मनात नेहमी एकच येतं. पुढच्या स्टेशनावर हे दोघं काय बोलत असतील? हॉलिवूडच्या ‘द ग्रॅज्युएट’मध्ये (१९६७) ते दाखवलं आहे. लग्नमंडपातून पळालेली जोडी बसच्या मागच्या बाकावर बसते, आधी हसते, आणि कॅमेरा हटत नाही म्हणता म्हणता दोघांचंही हसू हळूहळू विझतं. बस चालूच. आपल्याकडे कॅमेरा त्याआधीच घरी जेवायला जातो.

अपवाद एक, आणि तो आमच्या घरचा. आर्ची, म्हणजे रिंकू राजगुरू, आमच्या अकलूजची पोर. नागराज मंजुळे करमाळ्याचे. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ लागला तेव्हा गावाच्या छातीत मावेना. पोरगी बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, शेताच्या बांधावर पोराला दमात घेते. मध्यंतरापर्यंत तो चांगला मोकळा हसरा प्रेमपटच आहे. दुसरा कोणी असता तर जोडी पळाली की पाटी लावून मोकळा झाला असता. मंजुळ्यांनी खरा चित्रपट तिथून पुढे काढला. हैदराबादची झोपडपट्टी, अंगाला न पडलेली कामं, संशय, भांडण. परश्या हात उगारतो, आर्ची निघून जाते, आणि परत येते ती आपल्या पायाने, आपल्या मर्जीने. जो राग बाकीच्या चित्रपटांत मारामारीत वाहून जातो, तो इथे आर्चीला पुरता मिळाला. म्हणून पुढचा संसार, ते तान्हं पोर, ते नवं घर, हे सगळं खरं वाटतं. आणि म्हणूनच माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात उभी राहतात तेव्हा काळजात धस्स होतं. शेवटी उरतात ती त्या पोराची रक्ताची पावलं. एक आवाज नाही. लोक माना खाली घालून बाहेर पडत होते, चहाच्या गाडीवरसुद्धा कुणी बोलेना.

आमचे एक स्नेही, कारखान्यातून निवृत्त झालेले, तेव्हा चिडले होते. “पोरांना जगवायला काय झालं होतं? पैसे देऊन रडायचं कशाला?” मी म्हटलं, पोरं पडद्यावर जगवणं सोपं आहे, तालुक्यात जगवायला पाहिजेत. पडद्यावर लग्न दीड मिनिटात लागतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती कचेरीत सगळ्यांना दिसेल अशी लावतात. ज्याच्यापासून पळायचं त्या भावालाही ती वाचता येते. दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घराण्याची किंवा जमातीची परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१८ साली पुन्हा सांगावं लागलं, ते काही चित्रपट पाहून नव्हे.

स्नेह्यांना आता नवा आधार मिळाला आहे. मुलीचा पिच्छा पुरवणाऱ्या ‘रांझणा’च्या (२०१३) नायकाला मूळ चित्रपटात मरण आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याची तमिळ आवृत्ती पुन्हा लावताना निर्मात्यांनी संगणकी बुद्धीकडून शेवट बदलून घेतला आणि त्याला जिवंत केलं. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नट धनुष ओरडत राहिले. स्नेही म्हणतात, “बघा, ‘सैराट’चंही करता येईल.” येईल की! पावलं पुसायला यंत्राला किती वेळ लागतो? पण मग तो चित्रपट पाहून घरी आलेल्या भावाला, बापाला, मान खाली घालायचं कारण काय उरलं?

मला मारामाऱ्या नकोत, मुडदे तर नकोतच. गोड शेवट करा, खुशाल करा. फक्त शेवटच्या रिळात नायिकेला पंधरा मिनिटं रागवायला द्या, नायकाला उत्तरं द्यायला लावा, आणि एवढं करून ती ‘हो’ म्हणाली तर सनई लावा. मी स्वतः अक्षता टाकीन. ‘बनवाबनवी’लाही हे लावायला मी तयार आहे, भक्त असूनसुद्धा. आधी चौघांनी लीलाबाईंसमोर उभं राहावं. आणि इस्तंबूलच्या औषधापायी गेलेले ते सत्तर रुपये? विश्वास सरपोतदारांना ते अजून कुणी परत केलेले नाहीत.