पिंजऱ्याचे आरोग्य गोठ्यापासून सुरू होते

दिवाळीची सुट्टी संपली, की शाळांना सहलींचे वेध लागतात. बीड जिल्ह्यातून निघणाऱ्या सहलींच्या यादीत वेरूळ-दौलताबादच्या जोडीने छत्रपती संभाजीनगरचे सिद्धार्थ उद्यान असते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात थांबतात. ऊन सुसह्य असते, वाघ-बिबटे दिवसाही हालचाल करताना दिसतात, मुले खूश होतात. गर्दी व्हावी यात गैर काहीच नाही. मात्र महाराष्ट्रात गेल्या काही काळात घडलेल्या दोन घटना पाहिल्या, तर या गर्दीकडे आणि आपल्या गावातल्या गोठ्याकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

पहिली घटना नागपूरची. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस गोरेवाडा येथील वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा कारण निघाले बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ विषाणू. पक्ष्यांचा आजार वाघाला झाला होता. दुसरी घटना पुण्याची. जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात काही दिवसांत १६ चितळे मेली. तपासणीत निदान झाले लाळ्या खुरकुताचे. हा आजार बीडमधल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. तोंडातून लाळ गळणारा, खुरात जखमा घेऊन लंगडणारा बैल त्याने पाहिलेला असतो.

भिंत उंच, विषाणू बारीक

प्राणिसंग्रहालयाची भिंत बिबट्याला आत ठेवू शकते, पण विषाणूला बाहेर ठेवू शकत नाही. लाळ्या खुरकुताचा विषाणू दुभंगलेल्या खुरांच्या सर्व प्राण्यांना होतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांना जसा, तसाच चितळ, सांबर आणि काळविटालाही. बाधित जनावराची लाळ, दूध, शेण आणि मूत्र यांतून तो बाहेर पडतो आणि चारा, बूट, कपडे, गाडीची चाके यांवर बसून दूरवर जातो. माणसाला त्यापासून धोका नगण्य आहे. पण माणूस त्याचे वाहन होऊ शकतो. थंड, दमट हवेत हा विषाणू जास्त काळ तग धरतो. सकाळी गोठ्यात धार काढून त्याच चपलांवर दुपारी हरणांच्या कुंपणापाशी उभे राहणे आपल्याला सहज वाटते. विषाणूच्या दृष्टीने तो फुकटचा प्रवास असतो.

बर्ड फ्लूची वाट थोडी वेगळी आहे. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पाणपक्षी हा विषाणू सोबत आणू शकतात. थंड पाण्यात तो अधिक काळ टिकतो. तलावावरून कावळ्याकडे, कावळ्याकडून कोंबड्यांकडे अशी साखळी जुळते. आजारी कोंबडी किंवा तिचे कच्चे मांस मांसाहारी प्राण्याच्या पुढ्यात आले, की मार्जार कुळातील प्राणी त्याला बळी पडतात. मराठवाड्याला हा आजार नवा नाही. जानेवारी २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला, त्याच सुमारास परभणी जिल्ह्यातील मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरमध्ये कावळे पडू लागले, तेव्हाही कारण हेच निघाले.

माणसाकडूनही आजार जातो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयातील आठ सिंहांना संसर्ग झाला. हे सिंह पिंजरा सोडून कुठे गेले नव्हते. माणसेच त्यांच्याकडे गेली होती.

दिसते त्यापेक्षा न दिसणारे काम मोठे

केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झाले आणि १९९८ मध्ये राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण आले. करमणुकीपेक्षा वन्यजीवांच्या संवर्धनाला हातभार लावणे हे प्राणिसंग्रहालयाचे मुख्य काम आहे, अशी त्या धोरणाची भूमिका आहे. हे काम पाहुण्यांना दिसत नाही. नवा प्राणी आला की त्याला काही आठवडे वेगळे ठेवणे, रोज विष्ठेकडे लक्ष देणे, मांसाची तपासणी, थंडीत सापांच्या खोलीत ऊब राखणे, मेलेल्या प्रत्येक प्राण्याचे शवविच्छेदन अशा गोष्टींतून संग्रहालय उभे राहते. आठवड्यातून एक दिवस ते बंद असते, त्यालाही हेच कारण आहे. म्हणून प्राणिसंग्रहालयाची गुणवत्ता तेथे किती वाघ आहेत यावरून ठरवू नये. किती जागा, किती पशुवैद्य, किती प्रशिक्षित कर्मचारी, हे प्रश्न आधी विचारावेत. सिद्धार्थ उद्यानातील प्राण्यांना पुरेशी जागा मिळावी म्हणून मिटमिटा येथे नव्या प्राणिसंग्रहालयाचे काम हाती घेण्यात आले. तेथेही नुसती मोठी जागा पुरणार नाही. विलगीकरण कक्ष आणि दवाखाना तितकाच सक्षम हवा.

गिधाडांचा धडा

पिंजऱ्यातले संवर्धन आणि गावातला गोठा यांचे नाते किती घट्ट आहे, हे गिधाडांइतके कोणी शिकवले नाही. १९९० च्या दशकापासून भारतातील तीन जातींची गिधाडे ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण होते डायक्लोफिनॅक. सांधे दुखणाऱ्या, सुजलेल्या जनावरांना दिले जाणारे हे स्वस्त वेदनाशामक जनावर मेल्यावरही त्याच्या शरीरात उरे. ते मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. हरियाणातील पिंजोर येथे गिधाडांचे प्रजनन केंद्र उभे राहिले. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, त्यामुळे हे काम दशकांच्या हिशेबाने चालते. जानेवारी २०२४ मध्ये तेथील २० गिधाडे महाराष्ट्रात ताडोबा आणि पेंच येथे आणण्यात आली.

ही गिधाडे बाहेर पडल्यावर जगतील की नाही, हे मात्र पिंजोर ठरवणार नाही. ती ज्या जनावराचे मांस खातील, त्याला आदल्या आठवड्यात कोणते इंजेक्शन दिले होते, यावर ते ठरेल. म्हणूनच २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या औषधांवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. गिधाडे गेल्याने उघड्यावर सडणारी जनावरे वाढली, त्यावर भटकी कुत्री पोसली गेली, पाणी दूषित झाले. २००० ते २००५ या काळात भारतात यामुळे सुमारे पाच लाख जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. पक्षी वाचवणे हे केवळ पक्षिप्रेमींचे काम नाही, ते याचसाठी.

बीडच्या हातात काय आहे

बीडमध्ये प्राणिसंग्रहालय नसले, तरी वन्यजीव आहेत. पाटोदा तालुक्यातले नायगाव मयूर अभयारण्य १९९४ पासून मोरांसाठी राखलेले आहे. मोर हा कोंबडीच्या कुळातला पक्षी. २०२१ मध्ये बर्ड फ्लू आढळला तो याच तालुक्यात. शिरूर कासार तालुक्यात तागडगाव येथे सर्पराज्ञी केंद्रात जखमी वन्यप्राण्यांवर उपचार होतात. माळरानावर काळवीट आणि शेळ्या-मेंढ्या एकाच गवतावर चरतात, एकाच पाणवठ्यावर येतात. अशा जिल्ह्यात पशुधनाचे लसीकरण हाच वन्यजीव संरक्षणाचा सर्वांत स्वस्त कार्यक्रम आहे.

लाळ्या खुरकुताची लस राष्ट्रीय कार्यक्रमातून दर सहा महिन्यांनी मोफत दिली जाते. बीडची खरी अडचण वेळापत्रकाची आहे. ऊसतोडीच्या टोळ्या बैलांसह जिल्ह्याबाहेर निघाल्या, की ती जनावरे महिनोन्महिने कारखान्याच्या तळावर शेकडो अनोळखी बैलांसोबत राहतात आणि उन्हाळ्यात गावाकडे परततात. त्यामुळे गाड्या जुंपण्याआधी बैलांना लस मिळाली पाहिजे, आणि तळावरही पशुवैद्यकीय पथक पोहोचले पाहिजे. हे झाले तर बैल वाचेल, तोडणी मजुराची उचल वाचेल आणि माळावरचे काळवीटही वाचेल.

सहलीला जाताना काही साध्या गोष्टी पाळता येतील. घरच्या जनावराला लाळ्या खुरकूत झाला असेल किंवा कोंबड्या अचानक मरत असतील, तर काही दिवस प्राणिसंग्रहालयात जाणे टाळावे. गोठ्यातल्या चपला आणि कपडे सहलीला वापरू नयेत. ताप-खोकला असलेल्या मुलाला पुढच्या वेळी न्यावे. खाण्याची पुडी प्राण्यापुढे टाकू नये. थंडीत अजगर किंवा मगर हलत नाही, म्हणून काचेवर टकटक करू नये, खडे मारू नयेत. शरीर तापवण्यासाठी त्यांना उन्हाची आणि शांततेची गरज असते. प्राण्यांना डिवचणे आणि त्यांना खाऊ घालणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, हे शिक्षकांनी गाडीतच सांगावे.

गावात एकाच वेळी अनेक कावळे, मोर किंवा कोंबड्या मेलेल्या दिसल्या, तर हात लावू नये आणि कुत्र्या-मांजरांना त्यांच्यापासून दूर ठेवावे. पशुसंवर्धन विभागाचा १९६२ आणि वन विभागाचा १९२६ हे दोन्ही मोफत क्रमांक आहेत. शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर ते लिहून ठेवावेत. अशी खबर वेळेवर पोहोचली, तर नमुने लवकर तपासले जातात आणि शेजारच्या गावातल्या कोंबड्या, नायगावचे मोर आणि शंभर मैलांवरचा पिंजऱ्यातला वाघ यांना सावध राहायला काही दिवस मिळतात. साथीच्या आजारात एवढे दिवसही पुष्कळ असतात.