आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

बेळगावात थंडी पडली की गच्चीवरच्या सोलरच्या तक्रारी सुरू होतात. पहाटे नळ सोडावा तर गार पाणी! मग पहिला संशय पॅनेलवर, दुसरा टाकीवर आणि तिसरा शेजाऱ्यावर.

टिळकवाडीतील सहा बिऱ्हाडांच्या एका इमारतीत हेच झाले. सोलर सामायिक. तळमजल्यावरच्या आजींना दम्याचा त्रास, त्यांचे हाल होऊ लागले. बोअरच्या पाण्याचे क्षार साचले असतील म्हणून पॅनेल साफ करून घेतले. चार दिवस पाणी कडकडीत, पाचव्या दिवशी पुन्हा गार. आता टाकीच बदला, असा सल्ला मिळाला. वर्गणीवरून बैठकीत शब्दाला शब्द लागला. ज्यांच्याकडे पाहुण्यांचा राबता, त्यांना बोल ऐकावे लागले.

तिथल्याच एका निवृत्त फिटरकाकांनी मात्र सुचवले, "पैसे काढण्याआधी पाणी गार कुठे होते ते बघूया."

संध्याकाळी टाकीतून खाली येणाऱ्या पाइपला हात लावला, तर चटका बसला. म्हणजे पॅनेल निर्दोष. रात्री दहाला टाकीखालचा गरम पाण्याचा वॉल्व्ह बंद केला आणि पहाटे उघडला. पाणी गरमच! म्हणजे टाकीही निर्दोष. उष्णता रात्री खालच्या घरांच्या वाटेने जात होती.

मग तो वॉल्व्ह पुन्हा बंद करून तळमजल्यावरचा गरम पाण्याचा नळ सोडला. पाइपातले उरलेले पाणी संपल्यावर धार थांबायला हवी होती. ती थांबेना, आणि येत होते गार पाणी. एकेका घराचा गरम लाइनचा कॉक बंद करत गेल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या एका घराचा कॉक फिरवताच धार थांबली.

त्या घरात हँड शॉवरचे बटण बंद करत, पण मिक्सरचे दोन्ही नळ उघडेच ठेवत. त्यांच्या गार लाइनला प्रेशर पंप, गरम पाणी मात्र नुसत्या उताराने येणारे. जोराचे गार पाणी मिक्सरमधून गरम लाइनमध्ये शिरे आणि थेट टाकीपर्यंत चढे. रात्री पंपाचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता, पण त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता. आणि ते चार चांगले दिवस? तेव्हा हे कुटुंब गावी गेले होते!

मिक्सर बंद ठेवायची सवय आणि त्या घराच्या गरम लाइनवर एक नॉन-रिटर्न वॉल्व्ह, एवढ्यावर काम भागले. पाहुणेवाल्या घराची माफी कोणी मागितली की नाही, कळले नाही.

वाचकांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. टाकीतली विजेची कॉइल दिवसभर चालू ठेवू नका. बिघाड झाकला जातो आणि बिल मात्र वाढते. टाकीवरची हवेची नळी कधीही बंद करू नका. टाकीचे झाकण उघडायचे असेल तर आधी कॉइलचा मेन स्विच बंद करा आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्या.

दुरुस्तीनंतर पाणी गरम आले म्हणजे दुरुस्ती बरोबरच होती, असे नाही. त्या दिवसांत आणखी काय बदलले होते, हेही विचारावे. निदान चुकले की नवी टाकी येते, वर्गणी जाते आणि पाणी गार ते गारच राहते.