विश्लेषण : पर्यटकांची गर्दी, तरीही बोर्दोच्या द्राक्षबागा का उपटल्या जात आहेत?

फ्रान्सची उंची रेड वाइन म्हटले की पहिले नाव येते ते बोर्दोचे. तिथल्या बागा पाहायला आणि तळघरात ओकच्या पिंपांशेजारी उभे राहून वाइन चाखायला जगभरातून पर्यटक येतात. त्याच बोर्दोत गेल्या काही वर्षांत हजारो हेक्टर बागा मुळासकट काढल्या गेल्या आणि त्यासाठी सरकारनेच पैसे दिले. ही वेळ का आली?

बागा उपटण्याची योजना काय?

डिसेंबर २०२२ मध्ये बोर्दो शहरात द्राक्ष उत्पादक रस्त्यावर उतरले. बागा काढून टाकण्यासाठी हेक्टरी १० हजार युरो द्या, ही त्यांची मागणी होती. २०२३ मध्ये ५ कोटी ७० लाख युरोंची योजना जाहीर झाली. सुमारे ९,५०० हेक्टर बागा काढायच्या आणि हेक्टरी ६ हजार युरो द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. त्याच वर्षी न खपलेली वाइन विकत घेऊन तिचे औद्योगिक अल्कोहोल करण्यासाठी २० कोटी युरोंची तरतूद झाली. हे अल्कोहोल सॅनिटायझर, अत्तरे अशा उत्पादनांत वापरले जाते. २०२४ मध्ये संपूर्ण फ्रान्ससाठी हेक्टरी ४ हजार युरोंची आणखी एक योजना आली.

बाग नुसती सोडून का देत नाहीत?

सोडलेली बाग शेजाऱ्याच्या मुळावर येते. ‘फ्लावेसॉन्स दोरे’ हा वेलींचा घातक रोग तुडतुड्यासारखा कीटक पसरवतो आणि बेवारस बागांत त्याला मोकळे रान मिळते. २०२३ च्या योजनेला आधारही याच रोगनियंत्रणाचा होता.

रेड वाइनची मागणी का घटली?

मुख्य कारण खुद्द फ्रान्समध्येच आहे. १९६० च्या दशकात तिथे वर्षाला माणशी १०० लिटरहून अधिक वाइन प्यायली जाई. आता हे प्रमाण ४० लिटरच्या आसपास आहे. रोजच्या जेवणासोबतचा रेड वाइनचा पेला मागे पडला. तरुण पिढी बिअर, व्हाइट किंवा रोझे वाइनकडे वळली. अनेकांनी मद्यपानच कमी केले. बोर्दोचे बहुतांश उत्पादन रेड वाइनचे असल्याने फटका तिथे जास्त बसला. चीनमधील मागणी वाढत होती तेव्हा हे झाकले गेले. ती ओसरली आणि साठा तुंबला. त्यात अमेरिकेने २०१९ मध्ये फ्रेंच वाइनवर २५ टक्के शुल्क लावले. ते २०२१ मध्ये स्थगित झाले, पण २०२५ मध्ये युरोपीय मालावर १५ टक्के शुल्क आले.

मग नामांकित वाइनचे काय?

बोर्दोत दोन जगे आहेत. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या सूचनेवरून मेदोक भागातील वाड्यांची म्हणजे ‘शातों’ची प्रतवारी झाली. ती जवळजवळ तशीच टिकली. अव्वल श्रेणीत एकच मोठा बदल झाला, तो १९७३ मध्ये शातो मूतों रोत्शील्डला मिळालेल्या बढतीचा. या श्रेणीतील एका बाटलीला काहीशे युरो सहज पडतात. उलट साध्या ‘बोर्दो’ नावाखाली घाऊक विकल्या जाणाऱ्या वाइनला मंदीत बाटलीमागे एक युरोही मिळत नाही. उत्पादन खर्चही निघत नाही, म्हणून नांगर फिरतो तो मुख्यतः या दुसऱ्या जगावर.

पर्यटन तारून नेईल?

थोड्यांना. सेंतेमिलियोंचा परिसर १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बोर्दो शहरात २०१६ मध्ये ‘सिते द्यु वँ’ हे वाइनचे भव्य संग्रहालय उभे राहिले. सप्टेंबरमधील मेदोक मॅरेथॉनमध्ये धावपटूंना वाटेत वाइनही मिळते. पण पर्यटक नावाजलेल्या वाड्यांकडे वळतात. दोन नद्यांमधल्या ‘आंत्र-द-मेर’ भागातल्या छोट्या शेतकऱ्याकडे ना वाडा, ना पाहुण्यांसाठी माणसे. काही जण बागेत मुक्कामाची सोय करून किंवा थेट ग्राहकाला बाटली विकून तग धरतात. सगळ्यांना ते जमत नाही.

हवामानाचा परिणाम कितपत?

उन्हाळे तापत असल्याने बोर्दोचे मुख्य वाण मेर्लो लवकर पिकते, साखर वाढते आणि वाइन कडक होते. म्हणून २०२१ मध्ये सहा नव्या वाणांना मर्यादित प्रमाणात परवानगी मिळाली. त्यांत पोर्तुगालचे तुरिगा नासिओनालही आहे. पण नवी वेल लावली तरी पहिले पीक यायला साधारण तीन वर्षे लागतात आणि बाग अनेक दशकांचा विचार करून लावली जाते. बाजाराची आवड त्याहून वेगाने पालटते.

नाशिकला हे नवे आहे का?

नाही. २००८ च्या मंदीनंतर नाशिक परिसरात वायनरींकडे माल पडून राहिला आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या द्राक्षांच्या बागा काढल्या. हे द्राक्ष खाण्यासाठी विकता येत नाही. वायनरीने पाठ फिरवली की दुसरा बाजार नसतो. बोर्दोचा शेतकरी त्याच कोंडीत आहे. फरक इतकाच की तिथे बाग काढायला अनुदान मिळाले. रिकाम्या झालेल्या जमिनीत पुढे काय पिकवायचे, हा प्रश्न मात्र तिथेही अनेकांसाठी सुटलेला नाही.